न फुललेला डिंक

“या खेपी डिंक काई फुललाच नाही वो बाई,” सासूबाई म्हणाल्या, आणि योगेश्वरीनं हातातला कप तसाच खाली ठेवला. बोलणं तसं साधंच होतं. सकाळची वेळ, डिसेंबरचं धुकं अजून गच्चीवरून हललं नव्हतं, तिचा नवरा दुर्गेश आंघोळीला गेला होता आणि सासूबाई, सुखवंताबाई, स्वयंपाकघरात पाटावर बसून चहात टोस्ट बुडवत होत्या. त्या मुर्रीहून लाडू करायला म्हणूनच इथे गोंदियात आल्या होत्या. त्यांची मुलगी ओमेश्वरी तिरोड्याला बाळंत झाली होती, आणि बाळंतिणीचे लाडू आईच्या हातचेच लागतात यावर त्यांचा ठाम विश्वास होता. काल दुपारी योगेश्वरी कॉलेजात असताना त्यांनी तूप कढवलं, डिंक तळला, लाडू वळले, आणि संध्याकाळी जावई येऊन डबा घेऊन गेले. “पयला घाणा लाह्यावानी फुलला,” त्या सांगत होत्या, “मंग तो डिंक सरला. दुसऱ्या बरनीतला टाकला त तुपात जसाचा तसा. नुसते खडे.”

दुसरी बरणी. वरच्या फळीवर दोन बरण्या शेजारी शेजारी होत्या. एकीत सालेकश्याच्या जंगलातला धावड्याचा डिंक, जो सासूबाईच दर वर्षी माहेरून आणत. दुसरीत त्याच डिंकापासून योगेश्वरीनं प्रयोगशाळेत बनवलेले जेलचे तुकडे, वाळवलेले, पिवळसर, काचेसारखे. कॉलेजची सुकवायची भट्टी दिवाळीपासून बंद होती, म्हणून ते तुकडे तिनं घरी आणून गच्चीवर मलमलच्या फडक्याखाली सुकवले आणि लोणच्याच्या रिकाम्या बरणीत भरले. बरणीवर चिठ्ठी लावली होती. सुखवंताबाईंना मराठी वाचता येत होतं, चष्मा लावून त्या पोथी वाचत. चिठ्ठी इंग्रजीत होती.

“ते लाडू ओमेश्वरीकडे गेले?” तिनं विचारलं. आपला आवाज इतका सरळ कसा आला याचं तिला नवल वाटलं.

“काऊन? पागल हाय का मी? बाळतीनीले असे खडे देऊ का? तिचा दात तुटन.” सुखवंताबाईंनी टोस्टचा मऊ झालेला तुकडा तोंडात टाकला. “फेकाचं त जिवावर येते. तूप किती गेलं त्याच्यात. मीच खाल्ले. काल दोन, आज उठल्याबरोबर एक. मले दात कोठी हायेत चावाले? दुधासंग गिळून टाकले.”

आधी सुटल्यासारखं वाटलं. ही गोष्ट योगेश्वरी पुढे कधीच विसरू शकणार नव्हती, की पहिल्यांदा तिला हायसं वाटलं. ओमेश्वरीच्या पोटात नाही, अंगावर पिणाऱ्या पोराच्या आईच्या पोटात नाही. म्हातारीच्या पोटात आहे. मनानं हा हिशेब इतक्या चटकन केला की तो थांबवायलाही तिला वेळ मिळाला नाही. मग भीती आली. तिनं मान वर करून फळीवरची ती बरणी बघितली.

तिचं काम कुणालाही सहज सांगता येण्यासारखं होतं आणि गेली सहा-सात वर्षं ती ते सगळ्यांना सांगत आली होती. धावड्याच्या डिंकावर ॲक्रिलिक आम्लाचं कलम करायचं, त्याची एक जाळी बांधायची, आणि ती जाळी कुठल्या पाण्यात किती फुगते ते बघायचं. पाणी आंबट असलं तर ती फुगत नाही, अंग आकसून पडून राहते. पाण्याचा सामू वाढला, आंबटपणा गेला, की जाळीच्या धाग्यांवर सारखेच विद्युतभार जागे होतात. सारखे भार एकमेकांजवळ थांबत नाहीत, भांडलेल्या जावांसारखे दूर दूर सरतात, आणि मोकळ्या झालेल्या जागेत पाणी शिरत जातं. औषध या जाळीत भरलं तर जठराच्या आम्लात ते सुटणार नाही, पुढे आतड्यात गेल्यावर सुटेल. म्हणजे माणसाच्या पोटात जावं म्हणूनच ती हे बनवत होती. फक्त कॅप्सूलमध्ये, राईएवढ्या कणांमध्ये. बरणीतले तुकडे बोराच्या बीएवढे होते, काही त्याहून मोठे.

“अशी का पाहून राहिली माह्याकडं?” सुखवंताबाई म्हणाल्या.

“काही नाही. पोट बरं आहे ना?”

“का व्हते मले? आजवर गोटे पचवले मी.”

सांगायची वेळ तीच होती. दुर्गेश डोकं पुसत बाहेर आला, पूजेच्या खोलीत गेला, अगरबत्तीचा वास आला. आई, उठा, दवाखान्यात जायचं आहे, एवढंच म्हणायचं होतं. पण त्या वाक्यामागून जी वाक्यं येणार होती ती तिला दिसत होती. तू असलं केमिकल स्वयंपाकघरात ठेवलंस? आईच्या हाताखाली? दुर्गेश वाईट माणूस नव्हता. बाजारात त्याचं खता-बियाण्यांचं दुकान होतं, फवारणीच्या औषधांचं विष घरात येऊ नये म्हणून तो चप्पलसुद्धा दाराबाहेर काढून यायचा. तोच तिच्या फळीवरच्या बरणीबद्दल कधी बोलला नाही, कारण योगेश्वरी शिकलेली आहे, तिला कळतं, असं तो धरून चालला होता. आणि पीएचडीचा प्रबंध. पुढच्या महिन्यात नागपूरला द्यायचा होता. हे बाहेर पडलं तर तिच्या डिंकाचं नाव निघालं की लोकांना पहिल्यांदा म्हातारी आठवेल. हे सगळं तिनं विचार करून ठरवलं असं नाही. ते आपसूक पुढे येऊन उभं राहिलं आणि सांगायचं वाक्य मागे पडलं.

शिवाय आशा होतीच. आशेलाही शास्त्राची भाषा येते. उकळत्या तुपात जाळी टिकली कशावरून? धागे जळले असतील, गुंते घट्ट झाले असतील, आता ती फुगणारच नाही. सासूबाई अंगणात गेल्या तेव्हा तिनं डब्यातला उरलेला एक लाडू कागदात बांधून पर्समध्ये टाकला. हे आपण का करतो आहोत हे तिला पुरतं ठाऊक होतं. आपल्याला आधी खात्री हवी आहे, असं तिनं मनाशी म्हटलं. इतकी वर्षं तिला हेच शिकवलं गेलं होतं, की मोजल्याशिवाय बोलायचं नाही.

स्कूटीवरून जाताना रेल्वेच्या पुलाखाली गर्दी अडली आणि तिला सासूबाईंचे हात आठवले. लग्न झालं त्या वर्षी, आपण डिंकावर संशोधन करणार म्हणून तिनं सांगितलं तेव्हा त्या हसून हसून लाल झाल्या होत्या. “डिंकावर? मंग लाडवाचं कॉलेज म्हना ना वो!” नंतर कितीतरी दिवस येणाऱ्या-जाणाऱ्याला त्या हे सांगत. आमची सून लाडवाच्या कॉलेजात जाते. योगेश्वरीला ते लागायचं. ती बालाघाटकडची, मास्तरांची मुलगी, तिला असली थट्टा कळायची नाही, आणि मग ती दारं जरा जोरात लावायची. पण पुढल्या वर्षी त्याच सासूबाई सालेकश्याहून डिंकाचं गाठोडं घेऊन आल्या, गच्चीवर चादर पसरली आणि उन्हात बसून एकेक खडा डोळ्यांशी धरून निवडला. सालीचा कण असलेला बाजूला, काळसर बाजूला. “तुले साफ पायजे ना? दुकानातला साफ रायत नाही. तो गुळाच्या ढेपेवानी मळका रायते.” प्रबंधात लिहायचं होतं, डिंक स्थानिक स्रोतांतून मिळवला. स्थानिक स्रोत म्हणजे ते दोन हात, ज्यांची नखं भातशेतीच्या चिखलानं कायमची पिवळी झालेली होती. मागची गाडी हॉर्न वाजवत होती आणि तिनं स्कूटी पुढे घेतली.

प्रयोगशाळेत कुणी नव्हतं. फक्त चुन्नीलाल, तिथला जुना शिपाई, खिडक्या पुसत होता. तिनं लाडू फोडला, तुकडा काढला, कोमट पाण्यानं तूप धुतलं आणि आधी आम्लात टाकला. जठर. तुकडा तळाशी जाऊन बसला आणि तसाच राहिला, शहाण्या सुनेसारखा. तिनं तास घेतला, फळ्यावर काहीतरी लिहिलं, मुलींनी ते उतरवून घेतलं. परत येऊन तुकडा चिमट्यानं उचलून दुसऱ्या पाण्यात सोडला, ज्याचा सामू आतड्याइतका ठेवलेला असतो. मग बसली. आजवर किती तुकड्यांसमोर ती अशी बसली असेल, फुग म्हणून, अजून फुग म्हणून! फुगला की गाइडला फोन करायचा. आज ती त्याच स्टुलावर बसून मनात म्हणत होती, फुगू नको. घरी फोन करावा असं दोनदा वाटलं आणि दोन्ही वेळा तिनं फोन काढून फक्त बॅटरी बघितली.

दुपार उतरली तरी तुकडा तसाच होता. कडा किंचित धूसर झाल्या होत्या एवढंच. जळली जाळी, मेली, असं तिला वाटलं आणि छाती इतकी मोकळी झाली की ती चुन्नीलालला उगाचच म्हणाली, “आज ठंड कितनी है ना?” तो म्हणाला, “आपके माथे पे तो पसीना है मैडम.” तुकड्याच्या अंगात तूप मुरलेलं आहे, पाणी आत जायला वेळ लागणार, एवढंच ते आहे, हे तिच्या डोक्यात कुठेतरी होतं. पहिल्या वर्षाच्या मुलीनंही सांगितलं असतं. पण मन ज्या खोलीत जायचं नाही म्हणतं त्या खोलीचा दिवा आपण लावत नाही. तिनं बीकर तसाच झाकून ठेवला आणि वाटेत सासूबाईंसाठी पिकलेले जांब, मऊ पेरू, घेतले, त्यांना चावायला सोपे जातील असे.

घरी सुखवंताबाई पलंगावर आडव्या होत्या. संध्याकाळच्या वेळी त्यांना आडवं झालेलं तिनं कधी पाहिलं नव्हतं. “पोट भरल्यावानी वाटते,” त्या म्हणाल्या. “काई खावसं नाही वाटत.” दुर्गेशनं ओवा दिला. “तूप जास्त झालं असेल. कायले इतके लाडू खाल्ले, आई?” तो म्हणाला. त्या नुसत्या हसल्या. योगेश्वरीनं जांब चिरून ठेवले, ते काळे पडले. बीकरमध्ये काही झालं नाही, बीकरमध्ये काही झालं नाही, असं ती भांडी लावताना मनात म्हणत राहिली, जणू बीकर आणि आई ही एकच गोष्ट होती.

दुसऱ्या दिवशी ती लवकर उठली. सासूबाईंच्या खोलीचं दार लोटलेलं होतं. आतून कण्हल्यासारखा आवाज आला की पंख्याचा, हे तिनं ठरवलं नाही. डिसेंबरात पंखा कोण लावतं? ती उंबऱ्यापर्यंत गेली, थांबली, आणि स्कूटीची किल्ली घेऊन निघाली. तिला बीकर बघायचा होता. माणूस पाच पावलांवर होता आणि ती गाव ओलांडून बीकर बघायला गेली.

चुन्नीलाल आधीच आत होता. “मैडम, ये तो फूल के कुप्पा हो गया,” तो कौतुकानं म्हणाला. बोराच्या बीएवढा तुकडा लिंबाहून मोठा झाला होता. बीकरच्या भिंतींना टेकून, आतलं पाणी जवळजवळ सगळं पिऊन तो बसला होता, इतका स्वच्छ की पलीकडची खिडकी त्यातून दिसत होती. तेव्हाच फोन वाजला. दुर्गेश म्हणत होता, आईला उलट्या होऊन राहिल्यात, हिरव्या, पोट टम्म झालंय, तू कुठे आहेस?

दवाखाना खाजगी होता, स्टेशनच्या बाजूचा, फिनेलचा वास आणि जिन्यात बसलेली खेड्यातली माणसं. पोटाचा एक्स-रे फोटो काढला. फोटोत हवेचे फुगवटे दिसले, बाकी काही नाही. योगेश्वरीला माहीत होतं की काही दिसणार नाही. जे जवळजवळ सगळं पाणीच आहे ते फोटोत कसं दिसेल? तरी तिनं तो फोटो काढू दिला, धुऊन येऊ दिला, डॉक्टरांना तो उजेडासमोर धरून फिरवू दिला. “खाण्यात काय आलं?” डॉक्टरांनी विचारलं. दुर्गेश म्हणाला, “डिंकाचे लाडू. घरचेच.” डॉक्टर म्हणाले, “लाडवानं असं होत नाही. मागे काही ऑपरेशन झालं होतं का?” आणि ते सलाईन लावून वाट बघायचं म्हणाले. वाट बघायची, हे शब्द तिला आधार वाटले. आणखी थोडा वेळ कुणी तिला काही विचारणार नव्हतं.

दुर्गेश औषधं आणायला खाली गेला तेव्हा सुखवंताबाईंनी तिला खुणेनं जवळ बोलावलं. नाकात नळी होती. लुगड्याखाली पोट उंच दिसत होतं, आणि त्या पोटावर त्यांनी आपलाच हात असा ठेवला होता, दुसऱ्याच्या पोराला थोपटावं तसा. “योगेसरी,” त्या म्हणाल्या, “तुया बरनीतला घेतला मी डिंक. तुले इचारलं नाही.”

“असू दे आई. बोलू नका.”

“मले वाटलं, तू साफ करून ठेवला. चांगला दिसत व्हता, काचेवानी. म्हटलं, पोरीच्या लाडवाले चांगला डिंक पायजे.” त्या थांबल्या, ओठ ओले केले. “कामाचा व्हता का वो तो? तुयं नुकसान त नाही झालं?”

“नाही. तसं काही नाही.”

“दुर्गेसले नोको सांगू. तो मले बोलन, तिच्या सामानाले हात कायले लावला म्हनून.” आणि त्यांनी तिचा हात धरून ठेवला, गुन्हा केलेल्या माणसानं धरावा तसा, माफीसाठी.

योगेश्वरी हात सोडवून उठली. दोन दिवस आपण स्वतःला जपत होतो आणि ही बाई आपलं नुकसान झालं का विचारते आहे. तिला ओरडावंसं वाटलं, भिंतीवर डोकं आपटावंसं वाटलं. पण ती नीट चालत डॉक्टरांच्या खोलीत गेली, दार लावलं, आणि सगळं सांगितलं. काय आहे, कशापासून केलं आहे, जठरात का गप्प राहतं, आतड्यात किती पटीनं फुगतं, फोटोत का दिसणार नाही. घडाघडा सांगितलं, परीक्षकांसमोर सांगावं तसं. मध्येच दुर्गेश औषधांची पिशवी घेऊन दार ढकलून आत आला आणि तिच्यामागे उभा राहिला. ती थांबली नाही, कारण ती इंग्रजीत बोलत होती. डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. “हे तुम्हाला कधीपासून माहीत आहे?” त्यांनी मराठीत विचारलं, पण उत्तरासाठी थांबले नाहीत. ते उठून भराभर बाहेर गेले, नर्सला हाका मारल्या. “काय म्हणाली तू त्यांना?” दुर्गेशनं विचारलं. “ऑपरेशन लवकर करा म्हटलं,” ती म्हणाली.

आईंना ऑपरेशनला आत नेलं, आणि बाकावर बसून दोघं वाट बघत राहिली. दुर्गेश तिचा हात हातात घेऊन बसला होता आणि हे सगळ्यात अवघड होतं. “तू कायले इतकं मनाला लावून घेते?” तो म्हणाला. “आई तुझंच नाव घेऊन राहिली होती सकाळी. योगेसरीले बोलव म्हणे.” सकाळी, म्हणजे योगेश्वरी बीकर बघत होती तेव्हा. खाली रस्त्यावर धानाची पोती भरलेला ट्रक मागे घेत होते, क्लीनर ओरडत होता, आने दे, आने दे, आने दे. तिला वाटलं, आता उठावं आणि दुर्गेशला सगळं सांगावं. मग वाटलं, आई बऱ्या होऊन बाहेर येऊ देत, मग सांगू, तेव्हा ते सांगणं इतकं जड असणार नाही.

डॉक्टर बाहेर आले तेव्हा त्यांनी टोपी काढलेली होती. आतडं काळं पडलं होतं, ते म्हणाले, फुटलं होतं, विष अंगात पसरलं होतं, त्या वाचल्या नाहीत. काल आणलं असतं तर गोष्ट वेगळी होती. काल, हा शब्द त्यांनी तिच्याकडे न बघता उच्चारला. दुर्गेश भिंतीला धरून खाली बसला आणि लहान मुलासारखा आई, आई करायला लागला. डॉक्टरांनी झाकण लावलेली एक बाटली योगेश्वरीच्या हातात दिली. “आमच्याकडे याची तपासणी होत नाही,” ते म्हणाले, “तुम्हालाच काय ते कळेल.” आणि ते गेले.

बाटलीत ते होतं. दोन मोठे आणि काही लहान, एकमेकांना चिकटलेले, थोडे गुलाबी झालेले, पण आतून स्वच्छ. प्रयोगशाळेत तिला कधीच इतकं मोठं मिळालं नव्हतं. आणि योगेश्वरीच्या मनात पहिला विचार आला तो वजनाचा. आधी वरचं पाणी टिपून घ्यायचं, मग लगेच तोलायचं, नाहीतर आकडा चुकतो. तिचा डावा हात पर्समध्ये गेला होता आणि रुमाल अर्धा बाहेर आला होता. आपला हात काय करतो आहे हे तिला दिसलं, आणि ती तो हात बघत उभी राहिली, परका असावा तसा.

“हे काय आहे?” दुर्गेशनं खालून विचारलं. त्याचा चेहरा ओला होता. तो बाटलीकडे बघत होता. “हे होतं आईच्या पोटात? हा डिंक आहे? पण ती तर मला काल म्हणत होती, डिंक फुललाच नाही.”

योगेश्वरी त्याच्यासमोर जमिनीवर बसली आणि त्यानं पुन्हा तिचा हात धरला. बाटली तिनं दोघांच्या मध्ये ठेवली. मराठीतले शब्द फार थोडे होते आणि ते सगळे घरातलेच होते, बरणी, फळी, तूप, आई. “तो डिंक नव्हता,” ती म्हणाली. “तो मी केला होता. मला काल सकाळपासून माहीत होतं.”

दुर्गेशनं तिचा हात अजून सोडला नव्हता. तिनं काय म्हटलं ते त्याच्यापर्यंत पोचायला वेळ लागत होता, आणि तेवढा वेळ तो हात त्याच्या हातात होता.